‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद कसे समजून घ्यावे : नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पहिल्या नोकरीत माझ्या वरिष्ठांनी एका शुक्रवारी मला सांगितले, ‘गेट धिस रिपोर्ट चेक्ड बिफोर मंडे.’ मी शनिवार-रविवार बसून तो अहवाल स्वतः ओळीओळीने तपासला. सोमवारी त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘कोणी तपासला?’ त्या वाक्यातला एकही शब्द मला नवा नव्हता, तरी वाक्य मला कळलेले नव्हते. तेव्हापासून ‘गेट’ या एकाच क्रियापदाच्या नोंदी मी वेगळ्या वहीत करू लागलो. पुढील पायऱ्या त्या वहीतून आल्या आहेत, आणि ज्या क्रमाने शिकलो असतो तर माझा गोंधळ टळला असता, त्या क्रमाने मी त्या मांडल्या आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

• शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. अशा कोशांतील व्याख्या मुद्दाम सोप्या ठेवलेल्या असतात. १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या कोशात व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्दांचीच मर्यादा घालून घेतली होती. केवळ इंग्रजी-मराठी कोशावर विसंबू नये, कारण त्यात ‘गेट’समोर अर्थांची रांग मिळते, पण कोणता अर्थ कोणत्या रचनेत लागतो हे बहुधा मिळत नाही.

• शक्य असल्यास एखादा भाषासंग्रह, म्हणजे कॉर्पस. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्दांचा मजकूर आहे आणि त्यातील जवळपास दहावा भाग बोलण्यातला आहे. तुम्ही केलेली रचना खरोखर वापरात आहे का, हे तेथे शोधून पाहता येते.

• दोन रकान्यांची वही. डावीकडे पूर्ण इंग्रजी वाक्य, उजवीकडे पूर्ण मराठी वाक्य. सुटे शब्द लिहू नयेत.

पायरी १ : उच्चार आणि रूपे पक्की करा

देवनागरीत हे क्रियापद लिहिले की ते फाटक या अर्थाच्या ‘गेट’सारखेच दिसते. इंग्रजीत मात्र दोन्हींचे लेखनही वेगळे आहे आणि उच्चारही. क्रियापदातील ‘ए’ ऱ्हस्व आहे. फाटकातील ‘ए’ लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो, जवळजवळ ‘गेइट’ असा. ऱ्हस्व ‘ए’साठी मराठीत वेगळे अक्षर नसल्यामुळे आपल्या तोंडी दोन्ही शब्द एकसारखे येतात आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. या लेखात ‘गेट’ म्हणजे सर्वत्र क्रियापदच समजावे.

भूतकाळी रूप ‘गॉट’. तिसरे रूप ब्रिटनमध्ये ‘गॉट’, अमेरिकेत पुष्कळदा ‘गॉटन’. ‘गॉटन’ हे रूप नवे किंवा अशुद्ध आहे, हा समज चुकीचा आहे. ते जुनेच रूप आहे; ब्रिटनमध्ये ते वापरातून गेले आणि अमेरिकेत टिकले. गैरमार्गाने मिळवलेल्या संपत्तीविषयी बोलताना येणाऱ्या ‘इल-गॉटन’ या शब्दात ते ब्रिटनमध्येही उरले आहे. वेगाने बोलताना, विशेषतः अमेरिकन उच्चारात, ‘गेट इट’ हे शब्द जोडून ‘गेडिट’ असे ऐकू येतात. सुरुवातीला हा आवाज ओळखता आला तरी पुरे; तसे बोलण्याचा आग्रह धरू नये.

पायरी २ : एकच मराठी प्रतिशब्द शोधणे थांबवा

शाळेत आपण ‘गेट म्हणजे मिळणे’ असे पाठ करतो. ते चूक नाही. ते एक दार आहे आणि आपण घर समजून तेथेच थांबतो. हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आला. तेथे ‘गेता’ या क्रियापदाचा अर्थ मिळवणे, गाठणे असा होता. हाती घेण्याच्या या कल्पनेतून पुढचे बहुतेक अर्थ फुटलेले दिसतात. वस्तू हाती आली की ‘मिळाली’, ठिकाण हाती आले की ‘पोहोचलो’, एखादी अवस्था आली की ‘झालो’, बोलण्यातला आशय हाती आला की ‘कळले’. आपल्याकडेही ‘ग्रहण करणे’ म्हणजे घेणे आणि समजणे, दोन्ही. त्यामुळे ही वाट आपल्याला परकी वाटू नये.

मग वाक्यात कोणता अर्थ लागतो हे कसे ओळखावे? ‘गेट’च्या पुढे, म्हणजे उजवीकडे, काय आले आहे ते पाहावे. हा एकच नियम मला सर्वाधिक उपयोगी पडला. पुढे नाम असेल तर मिळणे किंवा आणणे; विशेषण असेल तर होणे; स्थळ असेल तर पोहोचणे; नाम आणि त्यानंतर क्रियापदाचे तिसरे रूप असेल तर करवून घेणे. ‘गेट’कडे टक लावून पाहिल्याने अर्थ सापडत नाही, पुढच्या शब्दांकडे पाहिल्याने सापडतो.

पायरी ३ : पुढे नाम असेल तर

‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळाले. ‘आय गॉट अ जॉब’ म्हणजे मला नोकरी मिळाली किंवा मी नोकरी मिळवली. मराठीत ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांत प्रयत्नाचा फरक आहे; ‘गेट’मध्ये तो शब्दातून दिसत नाही, संदर्भातून कळतो. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘गेट मी अ चेअर’ म्हणजे मला खुर्ची आणून द्या. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे मला हे कळत नाही, निदान बहुतेक संभाषणांत तरी.

सापळा पहिला : कर्ता. मराठीत मिळणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस ‘मला’, ‘तिला’ असा चतुर्थीत येतो. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. त्यामुळे ‘येथे जुनी पुस्तके मिळतात’ याचे ‘ओल्ड बुक्स गेट हिअर’ असे भाषांतर आपल्या हातून सहज होते. ते चूक आहे, कारण त्या वाक्यात पुस्तकेच काहीतरी मिळवू लागतात, किंवा येथे येऊन पोहोचतात. योग्य वाक्य ‘यू कॅन गेट ओल्ड बुक्स हिअर’. मराठी वाक्यात ‘मिळते’, ‘मिळतात’ आले आणि कोणाला ते सांगितलेले नसले, की इंग्रजीत ‘यू कॅन गेट’ने सुरुवात करावी. ही सवय मला लागायला बराच काळ लागला; नव्याने शिकणाऱ्याने ती पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

सापळा दुसरा : चालू वर्तमानकाळ. ‘मला कळत नाही’ यासाठी ‘आय ॲम नॉट गेटिंग इट’ असे आपल्याकडे बरेच जण म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘आय डोन्ट गेट इट’ हीच सर्वसाधारण रचना आहे.

पायरी ४ : पुढे विशेषण असेल तर

‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे. ‘ही गॉट अँग्री’ म्हणजे तो रागावला. ‘गेट रेडी’ म्हणजे तयार हो. या सर्वांत एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे आहे, आणि नेमका तोच ‘गेट’ व ‘बी’ यांतला फरक आहे. ‘ही वॉज टायर्ड’ म्हणजे तो थकलेला होता. ‘ही गॉट टायर्ड’ म्हणजे तो थकला. ‘शी वॉज मॅरीड’ या वाक्यातून ती विवाहित होती असा अर्थ निघतो. ‘शी गॉट मॅरीड’मधून तिचे लग्न झाले ही घटना कळते. मराठीत ‘थकला’ आणि ‘थकलेला होता’ हा भेद आपण न चुकता करतो. तोच कान येथे वापरावा.

येथे दोन चुका टाळाव्यात. ‘होणे’ या अर्थी ‘गेट’ विशेषणाबरोबर चालते, नामाबरोबर नाही. तो डॉक्टर झाला हे सांगण्यासाठी ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हटले, तर त्याला डॉक्टर मिळाला किंवा त्याने डॉक्टर बोलावून आणला असा अर्थ होतो. तेथे ‘ही बिकेम अ डॉक्टर’ असेच म्हणावे लागते. दुसरी चूक शब्दयोगी अव्ययाची आहे. मराठीतील ‘अमुक व्यक्तीशी लग्न झाले’ यातील ‘शी’मुळे आपण ‘विथ’ वापरतो. इंग्रजीत मात्र ‘गॉट मॅरीड टु’ असे म्हणतात.

पायरी ५ : पुढे स्थळ असेल तर

‘वुई गॉट टु द स्टेशन ॲट नाइन’ म्हणजे आम्ही नऊ वाजता स्थानकावर पोहोचलो. ‘गेट’नंतर ‘टु’ लागतो. ‘रीच’नंतर लागत नाही. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ या शब्दांपूर्वी मात्र ‘टु’ येत नाही, म्हणून ‘गेट टु होम’ नव्हे, ‘गेट होम’.

वाहनांच्या बाबतीत ‘उतरणे’ हा शब्द आपल्याला फसवतो. उतरणे म्हणजे खाली येणे, म्हणून आपण ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ म्हणतो. भारतात ते कळते, पण अन्यत्र ऐकणाऱ्याला तुम्ही बसच्या टपावरून खाली आलात असे वाटू शकते. ज्या वाहनात उभे राहता किंवा चालता येते, अशा बस, रेल्वे, विमान, जहाज यांसाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. सायकल आणि घोडा यांच्यावर आपण बसतो, म्हणून त्यांनाही तेच. मोटारीसारख्या लहान वाहनासाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’.

पायरी ६ : दुसऱ्याकडून काम करवून घेणे

माझा तो अहवाल येथे अडला होता, आणि बहुतेक शिकणारे याच पायरीवर सर्वाधिक काळ थांबतात; म्हणून ही पायरी सावकाश वाचावी.

पहिली रचना : ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय गॉट माय सायकल रिपेअर्ड’ म्हणजे मी सायकल दुरुस्त करून घेतली. दुरुस्त कोणी केली हे सांगितलेले नाही, पण ती मी केली नाही असाच सर्वसाधारण बोध होतो. ‘गेट धिस रिपोर्ट चेक्ड’ म्हणजे हा अहवाल कोणाकडून तरी तपासून घ्या. मराठीत ‘तपासून घ्या’ या शब्दांचा अर्थ स्वतः नीट तपासा असाही होऊ शकतो, म्हणून वहीत लिहिताना ‘कोणाकडून तरी’ हे शब्द जोडावेत. मी ते जोडत नव्हतो, आणि त्यामुळेच इंग्रजी वाक्याचे भाषांतर मनात बरोबर होऊनही अर्थ चुकला.

हीच रचना आणखी दोन अर्थांनी येते. ‘आय मस्ट गेट धिस वर्क फिनिश्ड’ यात काम बहुधा मीच संपवणार आहे; भर काम पार पडण्यावर आहे. आणि ‘शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर’ यात तिने बोट दारात अडकवून घेतले ते हौसेने नव्हे, तो अपघात आहे. तीन अर्थ, रचना एकच. वेगळे कसे करावे? ते काम सहसा दुसरा माणूस करतो का, कर्ता ते स्वतः करू शकतो का, की ते कोणालाच नको असते, असा प्रश्न स्वतःला विचारावा. सायकल, काम आणि बोट ही तीन उदाहरणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. नवे वाक्य भेटले की ते यांपैकी कोणासारखे आहे हे पाहिले, तर उत्तर बहुधा मिळते.

दुसरी रचना : ‘गेट’, मग माणूस, मग ‘टु’ आणि क्रियापद. ‘आय गॉट हिम टु साइन द फॉर्म’ म्हणजे मी त्याला फॉर्मवर सही करायला लावली. पण ‘लावली’मध्ये जी सक्ती आहे ती येथे नाही. मन वळवून, समजावून, थोडी खटपट करून ती करून घेतली, असा भाव असतो. ‘आय मेड हिम साइन’ म्हटले की सक्ती येते. ‘आय हॅड हिम साइन’ म्हटले की मी सांगितले आणि त्याने केले, एवढेच. तेथे सांगण्याचा अधिकार गृहीत असतो. मराठीत ‘करायला लावणे’, ‘करायला भाग पाडणे’, ‘करवून घेणे’ या छटा आपण जशा पारखून वापरतो, तशा या तिन्ही क्रियापदांच्या पारखाव्यात. चुकीच्या निवडीमुळे व्याकरण बिघडत नाही, नाते बिघडू शकते. सहकाऱ्याविषयी ‘आय मेड हर डू इट’ लिहिणे आणि ‘आय गॉट हर टु डू इट’ लिहिणे यांत मोठे अंतर आहे.

सापळा : ‘मेक’ आणि ‘हॅव’नंतर ‘टु’ नसतो, ‘गेट’नंतर असतोच. ‘आय गॉट हिम साइन’ हे अशुद्ध आहे.

तिसरी रचना ‘गेट’नंतर थेट तिसरे रूप येण्याची आहे : ‘ही गॉट हर्ट’, ‘वुई गॉट पेड’. ही कर्मणी प्रयोगासारखी असून बोलण्यात विपुल आहे. ती प्रत्येक क्रियापदाला लागत नाही. जेथे कर्त्यावर काही घडते, त्याला काही भोगावे लागते किंवा लाभते, तेथे ती शोभते. माहीत असणे, दिसणे यांसारख्या क्रियापदांना ती जुळत नाही, म्हणून एखादी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे हे सांगताना ‘इज नोन’च म्हणावे.

पायरी ७ : ‘गेट टु’नंतर क्रियापद

ही रचना मराठी माणसाला सर्वांत सोपी जावी. ‘आय गॉट टु सी द सी’ म्हणजे मला समुद्र पाहायला मिळाला. ‘पाहायला मिळणे’, ‘ऐकायला मिळणे’ ही आपली रचना तिच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. संधी लाभल्याचा आनंदही दोन्हीकडे सारखाच. ‘गेट टु नो’ मात्र वेगळे आहे : त्यात हळूहळू ओळख होत जाणे अभिप्रेत आहे.

पायरी ८ : ‘हॅव गॉट’ वेगळे काढा

‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत. रूप पूर्ण वर्तमानकाळाचे दिसते, अर्थ मात्र साध्या वर्तमानकाळाचा, म्हणजे ‘आय हॅव’ इतकाच. तसेच ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला गेलेच पाहिजे. बोलताना त्याचे ‘गॉटा’ होते. हे रूप ऐकून समजावे, औपचारिक लेखनात घेऊ नये. अमेरिकन इंग्रजीत येथे एक सोयीचा भेद आहे : ‘आय हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट माझ्याजवळ आहे, ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे मी ते मिळवले आहे.

पायरी ९ : ‘गेट’ला जोडून येणारे छोटे शब्द

‘गेट अप’ म्हणजे उठणे, ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे, ‘गेट अलाँग’ म्हणजे एकमेकांशी जमणे, ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे एखादी गोष्ट काढून टाकणे, ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक करूनही शिक्षेवाचून सुटणे. अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करू नयेत. मी केल्या होत्या आणि प्रत्यक्ष बोलताना त्यांतली एकही आठवली नाही. वाचनात एखादी जोडी भेटली की तेवढीच, तिच्या पूर्ण वाक्यासह, वहीत घ्यावी.

लक्ष द्यायचे ते सर्वनामाच्या जागेकडे. दिलेली वस्तू परत मिळाली, तर ‘आय गॉट इट बॅक’. सर्वनाम मध्ये येते. दुःखातून किंवा आजारातून सावरलो, तर ‘आय गॉट ओव्हर इट’. सर्वनाम शेवटी येते. आणि ‘लेट अस गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे हे नकोसे काम एकदाचे उरकून टाकू. शेवटच्या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. ‘इट’ची जागा बदलली आणि ‘सावरणे’चे ‘उरकणे’ झाले. म्हणूनच वहीत सुटी जोडी न लिहिता वाक्य लिहावे, असे मी सुरुवातीला म्हटले.

पायरी १० : कोठे वापरावे, कोठे बदलावे

बोलण्यात ‘गेट’ टाळू नये. पुस्तकातून इंग्रजी शिकलेले आपण संभाषणातही ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’ असे जड शब्द आणतो आणि बोलणे ताठर होते. उलट अर्ज, अहवाल, शोधनिबंध यांत ‘गेट’ फार वेळा आले तर लेखन सैल वाटते. तेथे पत्र मिळाले यासाठी ‘रिसीव्ह’, परवानगी मिळवली यासाठी ‘ऑब्टेन’, पोहोचलो यासाठी ‘अराइव्ह’, झाले यासाठी ‘बिकम’ घ्यावे. मात्र अदलाबदल करताना पुढची रचनाही बदलते हे विसरू नये : ‘गॉट टु द स्टेशन’चे ‘अराइव्हड ॲट द स्टेशन’ होते, ‘अराइव्हड टु’ नव्हे.

पायरी ११ : रोजचा सराव

रोज एक परिच्छेद घ्या, त्यातील प्रत्येक ‘गेट’, ‘गॉट’, ‘गेटिंग’ अधोरेखित करा आणि कोश उघडण्यापूर्वी पुढच्या शब्दाखाली दुसरी रेघ ओढा. ते नाम आहे, विशेषण आहे, स्थळ आहे की तिसरे रूप, हे समासात लिहा. मग पूर्ण वाक्याचे मराठी करा, आणि त्यानंतरच कोशात पडताळा. सुरुवातीसाठी चार वाक्ये देतो :

• ‘द चिल्ड्रन आर गेटिंग टॉल.’
• ‘डिड यू गेट माय मेसेज?’
• ‘वुई डिड नॉट गेट टु मीट हर.’
• ‘आय नीड टु गेट माय आइज टेस्टेड.’

पहिल्यात पुढे विशेषण आहे : मुले उंच होत चालली आहेत. दुसऱ्यात नाम : माझा निरोप मिळाला का? तिसऱ्यात ‘टु’ आणि क्रियापद : आम्हाला तिला भेटायला मिळाले नाही. चौथ्यात वस्तू आणि तिसरे रूप : मला कोणाकडून तरी डोळे तपासून घ्यायचे आहेत.